व्हिएन्ना ते बुडापेस्ट सायकलने: डॅन्यूबचा कोणता काठ धरायचा?

युरोव्हेलो ६ हा अटलांटिकच्या किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा सायकलमार्ग. त्यातला व्हिएन्ना ते बुडापेस्ट हा तुकडा वळसे धरून साधारण ३०० ते ३३० किलोमीटरचा भरतो. सायकल चालवायचे पाच दिवस आणि हाताशी एक मोकळा दिवस, असा हिशोब ठेवला की घाई होत नाही.

नदीच्या प्रवाहाबरोबर जायचं म्हणजे उतार मिळेल, हा समज घरीच सोडून या. व्हिएन्ना समुद्रसपाटीपासून सुमारे १६० मीटरवर, बुडापेस्ट सुमारे १०० मीटरवर. म्हणजे तीनशे किलोमीटरला साठ मीटर उतार; तो पायांना जाणवतच नाही. दिवस सोपा जाणार की अवघड, ते वारा, काठ आणि फेरीबोट यांवर ठरतं. वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा किंवा वायव्येचा असतो, म्हणून सुरुवात व्हिएन्नातूनच करावी. उलट दिशेने जाणारे बांधावर समोरचा वारा खात बसतात. काठाचं मात्र आधी नकाशावर बसून ठरवावं लागतं. नदी वाहते त्या दिशेला तोंड करून डावा-उजवा मोजायचा. पुढे सगळीकडे तसंच म्हटलं आहे.

भारतातून येणाऱ्यांनी व्हिसाआधी रात्री मोजाव्यात. ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी हे वाटेतले तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहेत. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. रात्री समान असतील तर जिथून प्रवेश, त्या देशाकडे. व्हिएन्नात तीन रात्री आणि हंगेरीत चार, असा बेत असेल तर अर्ज हंगेरीचा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. सीमांवर एरवी कुणी अडवत नाही, पण अधूनमधून तपासणी लागते. पासपोर्ट पॅनियरच्या, म्हणजे कॅरियरला बाजूने लटकवायच्या पिशवीच्या, तळाशी न ठेवता हँडलबारच्या पिशवीत ठेवा.

मे, जूनचा पहिला भाग आणि सप्टेंबर हे चांगले महिने. जूनमध्ये आल्प्सचा बर्फ वितळून नदी फुगू शकते. जून २०१३ मध्ये बुडापेस्टला पाणी ८९१ सेंटीमीटरवर चढलं होतं, सप्टेंबर २०२४ मध्येही मोठा पूर आला. पाणी चढलं की काठालगतची वाट आणि फेरीबोट दोन्ही बंद होतात. मोकळा दिवस ठेवायचा तो यासाठीच.

सायकल विमानातून आणण्यापेक्षा व्हिएन्नात भाड्याने घेऊन बुडापेस्टला सोडलेली परवडते. अशी सोय करणाऱ्या टूर कंपन्या आहेत. ई-सायकल आणायचा विचार असेल तर तो सोडा. १६० वॉट-तासांवरची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि ई-सायकलची बॅटरी त्याच्या कितीतरी पट असते. टायर ३८ ते ४० मिलिमीटर रुंद हवेत, कारण डांबर, बारीक खडी आणि दगडी फरसबंदी असं सगळंच वाटेत येतं. हवा साधारण ४५ ते ६० पीएसआय.

भाड्याची सायकल ताब्यात घेतली की टायरच्या कडेवरचा आकडा वाचा. ‘४०-६२२’ असं काहीतरी उठवलेलं असेल: पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास. सुटी ट्यूब घेताना दोन्ही जुळले पाहिजेत. मग व्हॉल्व बघा. बारीक प्रेस्टा व्हॉल्वसाठी रिमला सुमारे साडेसहा मिलिमीटरचं भोक असतं, जाड श्रेडरसाठी साडेआठचं. श्रेडरची ट्यूब प्रेस्टाच्या भोकात शिरतच नाही, आणि हे गावाबाहेर पंक्चर झाल्यावर कळून उपयोग नसतो. दोन ट्यूब, पॅचचं पाकीट, टायर काढायच्या तीन पट्ट्या, पंप आणि ॲलन कीचा संच एवढं पुरतं. ४ मिलिमीटरची ॲलन की सर्वांत वर ठेवा. कॅरियरचे बोल्ट बहुधा तिनेच आवळायचे असतात आणि खडीवर दिवसभर हादरून तेच आधी सैल होतात. रोज सकाळी सामान चढवण्याआधी चारही बोल्ट तपासा. एक पडला की कॅरियर कलतं आणि पॅनियर चाकाच्या स्पोकमध्ये जातं. सामान दहा-बारा किलो, दोन्ही बाजूंना सारखं, जड वस्तू तळाला.

पहिला दिवस, सुमारे ७० किलोमीटर, डाव्या काठाने. शहरातून राइश्सब्रुकं पुलावरून नदी ओलांडायची, मग लोबाऊच्या जंगलाकडे. तेलाच्या टाक्यांजवळ पाट्यांकडे नीट लक्ष ठेवा, वाट चुकते ती तिथेच. पुढे मार्शफेल्डचा पूरबांध लागतो: सरळसोट, सपाट, सावली जवळजवळ नाही. गावं बांधापासून आत आहेत, त्यामुळे दोन लिटर पाणी व्हिएन्नातूनच भरून घ्या. नळाचं पाणी उत्तम आहे. उजव्या हाताला दिसणारं पूरमैदानाचं जंगल शिल्लक राहिलं ते डिसेंबर १९८४ मध्ये जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध लोक तिथे ठाण मांडून बसले म्हणून. १९९६ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. या जंगलात गोचिडी आहेत आणि त्यांच्यातून मेंदूज्वर पसरतो. लशीच्या पहिल्या दोन मात्रांत एक ते तीन महिन्यांचं अंतर लागतं, म्हणून डॉक्टरांशी वेळेत बोला. गवतात बसला असाल तर संध्याकाळी गुडघ्यामागे आणि काखेत तपासा.

श्टोपफेनरॉइटला पुलावरून उजव्या काठावर, हाइनबुर्गमार्गे ब्रातिस्लाव्हा. शहर डाव्या काठावर आहे. जुन्या पुलावर, म्हणजे स्तारी मोस्तवर, फक्त ट्राम, सायकली आणि पादचारी असतात, तोच धरा. स्लोव्हाकियात गावाबाहेर मोठ्यांनाही हेल्मेट सक्तीचं आहे. ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद असतात, तेव्हा शनिवारीच खरेदी उरका.

दुसऱ्या दिवशी ग्यॉरपर्यंत ८० किलोमीटर, आणि इथे खरी निवड करायची असते. गाबचिकोवो धरणाचा कालवा डाव्या अंगाला आहे. त्याच्या बांधावरची वाट डांबरी आणि वेगवान, पण उघडी. वारा फिरला तर लपायला जागा नाही आणि बाहेर पडायच्या वाटा मोजक्या. उजवीकडून रायकामार्गे हंगेरीत शिरलं तर मोशोनमाग्यारोवारवरून सिगेतकोझ भागातली छोटी गावं लागतात. झाडं, दुकानं, शांत रस्ते. उजवाच काठ घ्या. हंगेरीच्या गावांत रस्त्याकडेला निळे हातपंप दिसतात, बाटल्या तिथे भराव्यात. हंगेरीत चलन फोरिंट. फेरीबोट आणि खेड्यातल्या टपरीसाठी थोडी रोकड हवी.

शाकाहाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ‘तूरोश चुसा’ हा पनीरसारख्या चीजचा शेवयांचा पदार्थ शाकाहारी वाटतो, पण वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे पेरलेले असतात. स्लोव्हाक हालुश्कीचंही तेच. हंगेरीत ‘सालोन्ना नेल्क्युल’, म्हणजे चरबीशिवाय, असं आधी सांगा. लांगोश हा तळलेला, आपल्या भटुऱ्याच्या जातीचा पदार्थ लसूण-चीज लावून मिळतो. एका लांगोशवर वीस किलोमीटर सहज निघतात.

तिसरा दिवस, ग्यॉर ते कोमारोम ४५ ते ५० किलोमीटर, यात फार सांगण्यासारखं नाही. पाऊस झाला असेल तर काही कच्चे तुकडे चिखलाचे होतात. हंगेरीच्या वाळवट मातीत आपला सराटाच उगवतो. तिथे त्याला ‘किरायदिन्ये’ म्हणतात आणि सायकलवाले त्याला तितकेच वैतागलेले असतात. बाभळीसारख्या रोबिनियाचे काटेही रस्त्यावर पडलेले असतात. पंक्चर काढल्यावर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा. मोडलेलं टोक आतच राहिलं तर दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत जाते.

चौथ्या दिवशी कोमारोमला १८९२ च्या एलिझाबेथ पुलावरून डाव्या काठावर, स्लोव्हाकियातल्या कोमार्नोला जा. एस्टरगोमपर्यंतचे ५५ किलोमीटर हंगेरीच्या १० क्रमांकाच्या रस्त्याने काढण्यात काही राम नाही. ट्रकची रीघ असते. डाव्या काठाने इझा, पातिन्त्से, मोचा, क्रावानी अशी गावं घेत श्टुरोवो गाठायचं. पातिन्त्सेला गरम पाण्याचे झरे आहेत, पाय भरून आले असतील तर थांबा. १९४४ मध्ये उडवलेला आणि थेट २००१ मध्ये पुन्हा खुला झालेला मारिया व्हालेरिया पूल ओलांडला की समोर एस्टरगोमचं बॅसिलिका.

शेवटचा दिवस ७० ते ७५ किलोमीटरचा आणि सर्वांत देखणा. उजव्या काठाचा ११ क्रमांकाचा रस्ता गर्दीचा आहे, म्हणून पिलिशमारोतजवळच्या बाशाहार्त्सहून फेरीबोटीने सोबला जा. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं. आदल्या संध्याकाळी ताजं पाहा आणि पहिल्या दोन फेऱ्यांपैकी एक धरायचा बेत ठेवा. ती बंद असेल तर पुढे विशेग्राद ते नाग्यमारोश ही दुसरी फेरी आहे. सोबपासून झेबेगेन्य, नाग्यमारोश, वात्सवरून नदीच्या अगदी कडेची वाट. काठावर नदीचे किलोमीटर दाखवणाऱ्या पाट्या दिसतात. हे आकडे मुखापासून उलटे मोजलेले आहेत: व्हिएन्नाला १९२९ च्या आसपास, बुडापेस्टला १६४७. मदत मागवायची वेळ आली तर ११२ ला फोन करून हाच आकडा आणि काठ सांगावा. वाटेला नाव नसलं तरी जागा कळते. वात्समध्ये दिवस कलला तर तिथून बुडापेस्टची लोकल पकडा, कारण गावाबाहेर अंधारात हंगेरीत चमकणारं जॅकेट सक्तीचं आहे. बुडापेस्टमध्ये आर्पाद पुलावरून मार्गित बेटावर उतरलात की शहराच्या गर्दीत न शिरता मध्यभागापर्यंत पोहोचता.

व्हिएन्नाला स्वतःची सायकल घेऊन परतायचं असेल तर केलेती स्टेशनवरून रेल्वेला साधारण पावणेतीन तास लागतात. गाडीत सायकलींच्या जागा मोजक्याच आणि आरक्षण सक्तीचं. उन्हाळ्यात त्या आधी भरतात, तेव्हा हे तिकीट हॉटेलच्याही आधी काढा.