लाखेचे सील आणि 64 अक्षरे

आमच्या अंबड तालुक्यात विहिरीवरची मोटर आणि तिची केबल चोरीला जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. अशाच एका चोरीच्या पंचनाम्यावर माझ्या वडिलांनी पंच म्हणून सही केली होती. चार वर्षांनी साक्षीसाठी समन्स आले, तेव्हा आरोपीच्या वकिलांनी चोराविषयी त्यांना फारसे काही विचारलेच नाही. केबल पोत्यात भरून सुतळीने बांधली आणि लाख लावून सील केली, तेव्हा तुम्ही स्वतः तिथे हजर होतात का, एवढ्या एकाच मुद्द्यावर ते अर्धा तास अडून राहिले. वडील ही हकिकत बरेचदा सांगत असत, पण तिचा अर्थ मला समजला तो सायबर फॉरेन्सिकच्या, म्हणजे संगणक-मोबाइलमधील पुरावे तपासण्याच्या, वर्गात बसल्यावर.

छत्रपती संभाजीनगरमध्ये 2009 पासून शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. जालन्याहून संगणकशास्त्राची पदवी घेऊन मी तिथे आलो, तेव्हा पुसलेल्या फायली परत मिळवणे आणि कुलूपबंद मोबाइल उघडणे म्हणजेच हा विषय, अशी माझी समजूत होती. पहिले कितीतरी आठवडे मात्र आम्ही मुद्देमालाला हात न लावता त्याची प्रत कशी घ्यायची, एवढेच शिकत होतो. जप्त केलेला पेन ड्राइव्ह थेट संगणकाला जोडला, तर आपण काहीही न करता संगणक स्वतःच त्यावर काही नोंदी लिहून मोकळा होतो. म्हणून दोघांच्या मध्ये राइट ब्लॉकर लावावा लागतो, जो वाचू देतो पण लिहू देत नाही. त्यानंतर पूर्ण ड्राइव्हची बिट न् बिट प्रत, म्हणजे इमेज, घ्यायची आणि मूळ ड्राइव्ह व इमेज या दोन्हींची हॅश व्हॅल्यू, म्हणजे आतल्या मजकुरावरून गणिताने निघणारी ओळखखूण, काढून ताडून पाहायची. एसएचए-256 पद्धतीने काढलेली हॅश 64 अक्षरांची असते. मॅडमनी आम्हाला एका पानभर मजकुरातला एकच स्वल्पविराम काढायला लावला आणि पुन्हा हॅश काढायला सांगितली, तर आधीच्या हॅशशी तिचा काही मेळच राहिला नव्हता. पोत्यावरच्या लाखेचे काम इथे ही अक्षरे करतात, हे त्या दिवशी मला उमगले.

पुसलेल्या फायलींची पाळीही पुढे आलीच. फायलींच्या नोंदी फॅट नावाच्या पद्धतीने ठेवणाऱ्या पेन ड्राइव्हवर फाइल पुसली की तिच्या नोंदीतील नावाचे पहिले अक्षर जाऊन तिथे ई5 हा संकेत येतो, मात्र मजकूर त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच पडून असतो. सातबाऱ्यावरून नाव कमी झाले म्हणून जमीन कुठे जात नाही, तसेच हे. जेपीजी छायाचित्राची सुरुवात एफएफ डी8 एफएफ या संकेतांनी होते, एवढ्या खुणेवरून नोंद नसलेली छायाचित्रेही शोधता येतात.

मला सर्वांत जवळचा वाटला तो मात्र कायद्याचा तास, कारण ज्या निकालावाचून हा विषय शिकवताच येत नाही, तो आमच्या जालन्याचा आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर 296 मतांनी विजयी झाले. त्यांचे उमेदवारी अर्ज 27 सप्टेंबरला दुपारी 3 च्या मुदतीनंतर दाखल झाले, असा आक्षेप घेत कैलास गोरंट्याल औरंगाबाद खंडपीठात गेले. पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण. परंतु त्याच्या प्रतींसोबत भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 65-ब चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत जोडायचे, प्रमाणपत्र नव्हते आणि वारंवार मागूनही ते मिळालेले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. मात्र पक्षकाराने आपल्याकडून सर्व प्रयत्न केले असतील, तर अशक्य गोष्टीसाठी कायदा त्याला अडवून धरणार नाही, असेही स्पष्ट केले. ज्या कचेरीच्या आवारात मी जातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभा राहिलो, त्याच शहरातील घड्याळाच्या काट्यावरून देशभरातील न्यायालयांसाठी नियम पक्का झाला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

घड्याळाने मला स्वतःलाही धडा दिला. सरावाच्या एका प्रकरणात मोबाइलमधील धमकीचा संदेश दुपारी 2 वाजून 40 मिनिटांनी पाठवला गेला, असे मी अहवालात लिहिले. मॅडमनी प्रकरणासोबतचा संशयित मुलाचा हजेरीपट माझ्यासमोर ठेवला आणि विचारले, ‘‘या वेळी हा मुलगा वर्गात सही करत होता. मग संदेश कोणी पाठवला?’’ अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपच्या डेटाबेसमध्ये वेळ 13 अंकी आकड्याच्या रूपात असते. 1 जानेवारी 1970 पासूनचे ते मिलिसेकंद असतात आणि तेही जागतिक प्रमाणवेळेचे. माझ्या सॉफ्टवेअरने दाखवलेली वेळ मी तशीच उतरवली होती. त्यात साडेपाच तास मिळवल्यावर रात्रीचे 8 वाजून 10 मिनिटे होत होती. माझ्या अहवालामुळे खरा दोषी सुटला असता, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून वेळेच्या प्रत्येक रकान्यावर मी ‘भारतीय प्रमाणवेळ’ असे लिहितो.

गावी गेल्यावर नातेवाईक फोन पुढे करतात, कोणी मुलाचा, कोणी सुनेचा. मी नाही म्हणतो. दुसऱ्याचे यंत्र परवानगीवाचून आणि अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने उघडणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली 3 वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, हे सांगितल्यावर काही जण दुखावतात. त्यांना दुखावलेले मला चालते.

1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग झाले असून, भाग अ पुरावा सादर करणाऱ्याने आणि भाग ब तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात हॅश लिहिण्याची जागा छापलेलीच आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो नमुना मी वडिलांना दाखवला. ‘‘यात पंचांनी सही कुठं करायची?’’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मी लॅपटॉपवर एका छायाचित्राची हॅश काढून वहीत उतरवली, त्यांच्यासमोर पुन्हा काढली आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा लावला, वहीतल्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवले आणि पडद्याकडे पाहत एकेक अक्षर जुळवायला सुरुवात केली. मध्येच आईने चहासाठी हाक मारली, तर त्यांनी बोट न उचलता मला म्हटले, ‘‘थांबायला सांग, अजून वीस राहिलेत.’’