आत्या निम्मीच का आली: फोटो प्रिंटला देण्याआधीचं गणित

डिसेंबरात आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं, कराडला, आणि कित्येक वर्षांनी सगळं घर एका वेळी ओसरीवर उभं राहिलं. सत्तावीस माणसं. मी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला, टायमर लावला, पळत जाऊन पायरीवर बसले, असं पाच-सहा वेळा केलं तेव्हा त्यातला एक फोटो असा मिळाला की सगळ्यांचे डोळे उघडे, बारकी पोरं समोर बघतायत आणि आजी मस्त हसतेय. असा फोटो परत मिळणार नाही हे तेव्हाच कळलं होतं.

पुण्यात आल्यावर पाच घरांसाठी पाच प्रिंट करायच्या ठरवल्या. फ्रेम आधीच घेऊन ठेवल्या होत्या, रेडीमेड, ८ बाय १० इंचाच्या, म्हणून लॅबमधे सांगितलं ८ बाय १० काढा. प्रिंट आल्या, कागद छान, रंग सुरेख, मी घाईत फ्रेममधे घातल्या आणि पाठवून दिल्या. तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन, "अगं, मी निम्मीच आलीय की यात."

माझ्याकडची कॉपी नीट बघितली. डाव्या कडेला आत्याचा एक खांदा, पदर आणि अर्धा चेहरा. उजव्या कडेला वहिनी उभी होती, तिच्या पलीकडे तिचा चार वर्षांचा मुलगा आईचं बोट धरून. प्रिंटमधे वहिनी आहे, तिच्या बोटाला धरलेली एक इवलीशी मूठ आहे, आणि मुलगाच नाही. ती मूठ बघून मला इतकं वाईट वाटलं की त्या रात्री बसून हे सगळं गणित समजून घेतलं. तेच इथे लिहितेय, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरातलं माणूस असं कापलं जाऊ नये.

माझा कॅमेरा ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो काढतो, म्हणजे लांबी-उंचीचं प्रमाण ३:२. आणि ८ बाय १० चं प्रमाण ५:४, म्हणजे बरंच चौरसाकडे झुकलेलं. ४००० उंची पूर्ण ठेवायची तर त्या कागदावर लांबी मावते फक्त ५०००. उरलेले १००० पिक्सेल जातात, दोन्ही कडांचे ५००-५००. फोटोचा सहावा हिस्सा! आमची मागची रांग दहा जणांची होती, मग कडेच्या दोघांचं काय झालं असणार ते उघड आहे. लॅबच्या सॉफ्टवेअरला माणसं दिसत नाहीत, ते मधला भाग धरतं आणि कागद पूर्ण भरतं, काउंटरवर शंभर ऑर्डरी असतात, त्यामुळे मुद्दाम सांगितलं नाही तर हेच होतं.

हे ३:२ आलं कुठून तर जुन्या ३५ मिलिमीटरच्या रोलमधून. सिनेमाच्या फिल्मची फ्रेम १८ बाय २४ मिलिमीटरची असायची, ऑस्कर बार्नाकने लाइट्झ कंपनीत छोटा कॅमेरा बनवताना तीच फिल्म आडवी चालवली नि फ्रेम दुप्पट केली, २४ बाय ३६. हा लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला आणि ते प्रमाण आजच्या डीएसएलआर आणि मिररलेस या डिजिटल कॅमेऱ्यांपर्यंत टिकलंय. ४ बाय ६, ८ बाय १२, १२ बाय १८, २० बाय ३० हे साइज याच घरातले. ८ बाय १० मात्र त्याच्याही आधीचा, काचेच्या प्लेटवर फोटो घेणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या काळातला, १६ बाय २० त्याचाच मोठा भाऊ. दोन वेगळ्या घराण्यांचे साइज आहेत हे, आणि दुकानात मात्र एकाच शेल्फवर शेजारी शेजारी ठेवलेले असतात.

मोबाइलचं आणखी वेगळं. मोबाइलचा सेन्सर बहुतेक करून ४:३ असतो, म्हणजे ४००० बाय ३००० वगैरे. हा फोटो ४ बाय ६ वर, लॅबवाले ज्याला मॅक्सी म्हणतात त्यावर, कागद भरून काढला तर पिक्सेलच्या ३००० पैकी ३३३ ओळी जातात, म्हणजे उंचीचा बरोबर नववा हिस्सा. आडवा फोटो असेल तर वरून डोकी नाहीतर खालून पावलं. ५ बाय ७ वर नुकसान कमी, पाच टक्क्यांच्या आत. ६ बाय ८ घेतला तर काहीच जात नाही, पण तो साइज मागावा लागतो, स्वतःहून कुणी देत नाही. आणि मोबाइलमधे जो फुल किंवा १६:९ मोड असतो ना, तो प्रिंटसाठी कृपया वापरू नका. बहुतेक मोबाइलमधे तो त्याच ४:३ सेन्सरच्या वरची-खालची पट्टी टाकून बनवलेला असतो, आणि मग प्रिंट काढताना लांबीतून आणखी निदान पंधरा टक्के जातं. दोनदा कात्री! सेटिंगमधे जाऊन ४:३ करून ठेवा, स्टेटसला टाकताना हवं तसं नंतर कापता येतं.

आता मी काय करते ते सांगते. फोटो मी स्वतः कापते आणि कापलेली कॉपी वेगळ्या नावानं ठेवते, मूळ फोटोला हात लावत नाही. स्नॅपसीड या फोटो एडिटिंगच्या अॅपमधे क्रॉप उघडलं की ३:२, ५:४, ७:५ असे पर्याय मिळतात, चौकट सरकवून बघायची की कोण आत राहतंय आणि कोण बाहेर जातंय. त्याहून मला आवडलेली जुनी युक्ती म्हणजे पुठ्ठ्याचे दोन काटकोन. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या दोन एल आकाराच्या पट्ट्या कापायच्या, लॅपटॉपच्या स्क्रीनवर फोटोवर उलटसुलट ठेवून चौकट बनवायची आणि लहानमोठी करत बघायचं. माउसनं ओढताना आपण आकड्यांकडे बघतो, पुठ्ठा धरला की माणसांकडे बघतो. बाबांना शेजारी बसवलं होतं तर ते लगेच म्हणाले, "कडेच्या दोघांना धरायचं तर वरचं छप्पर जाऊ दे." पण वरचं कापून लांबी वाढत नाही ना, प्रमाण उलट आणखी बिघडतं, हे त्यांना त्या पुठ्ठ्यावरच दाखवता आलं.

म्हणजे ८ बाय १० मधे सत्तावीस माणसं कापल्याशिवाय भरणार नाहीत हे नक्की झालं. मग उपाय एकच, फोटो अख्खा ठेवायचा आणि भोवती पांढरी जागा सोडायची. सरळ फिट केला तर फोटो १० इंच लांब आणि पावणेसात इंचाला थोडा कमी उंच येतो, वर-खाली पट्ट्या आणि बाजूला काहीच नाही, ते फार उघडं दिसतं. ९ बाय ६ चा करून बघितला, पण फ्रेमच्या खाचेत कागद चारी बाजूंनी जवळजवळ पाव इंच लपतो, बाजूला पांढरं फार थोडं उरत होतं. शेवटी सव्वाआठ बाय साडेपाच ठरवला. वर-खाली सव्वा इंच, बाजूला पाऊण इंचाहून थोडं जास्त. इंचाला ३०० पिक्सेल धरून (एवढे असले की प्रिंट स्पष्ट येते) ३००० बाय २४०० चा पांढरा कॅनव्हास केला, त्यावर मधोमध २४७५ बाय १६५० चा फोटो. फाइल बरोबर १० बाय ८ ची असल्यावर लॅबच्या सॉफ्टवेअरला कापायला काही उरतच नाही. चेहरे थोडे लहान झाले हे खरं, पण फोटोभोवती महागडा माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, लावल्यासारखी फ्रेम दिसते, आणि माणसं सगळी आहेत.

बॉर्डरलेस प्रिंट घेणार असाल तर प्रमाण तंतोतंत जुळलं तरी कडेचे दोन-तीन मिलिमीटर जातातच, कारण कागदाला पांढरी कड राहू नये म्हणून मशीन फोटो जरासा मोठा करतं. तेव्हा तारीख, नाव, बोटं, पदर कडेला चिकटवून ठेवू नका. आणि फाइल साध्या पद्धतीनं व्हॉट्सअॅपवर पाठवू नका हो. तशी पाठवली की लांबीला साधारण १६०० पिक्सेल उरतात, ४ बाय ६ ला चालून जातं, पण ८ बाय १२ ला इंचाला १३३ च येतात आणि मागच्या रांगेतले चेहरे पिठासारखे दिसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन जा.

फोटो काढतानाच दोन पावलं मागे जाणं हे मात्र सगळ्यात सोपं. आता ग्रुप फोटोला मी कडेच्या माणसाच्या पलीकडे अजून एक माणूस मावेल इतकी मोकळी जागा सोडते. नंतर कापता येतं, जोडता येत नाही.

चार घरांना नवीन प्रिंट गेल्या. आत्याला मात्र १२ बाय १८ करून दिली, ३:२ ला ३:२, काहीही न कापता, ६००० पिक्सेल १८ इंचात म्हणजे इंचाला ३३३ येतात त्यामुळे काळजी नव्हती. रेडीमेड फ्रेम घेतलीच नाही, प्रिंट हातात आल्यावर तिच्या मापानं करून घेतली. आत्यानं ती हॉलमधे लावलीय, आणि वहिनीचा मुलगा तिच्याकडे गेला की खुर्चीवर चढून आधी स्वतःला शोधतो, उजवीकडून पहिला.