भोपळ्याचे दार

परवा दुपारी ओळखीच्या एक काकू मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. मुहूर्त, कार्यालय, मुलीकडची मंडळी, जेवणाचा बेत असे सगळे त्या हौसेने सांगत होत्या आणि मी मान डोलावत अंगठ्याने पत्रिकेच्या पाठीवरचा मखमली थर चाचपून पाहत होते. रंग नेमका पिकल्या भोपळ्याच्या सालीचा होता, कडेला सोनेरी वेल होती आणि कागद चांगला जाड होता. ‘सगळ्यांनी यायचं हं, नुसता अहेर पाठवून चालणार नाही,’ असे बजावून त्या उठल्या, तेव्हा मला नवऱ्यामुलाचे नावही धड आठवत नव्हते. या पत्रिकेतून भोपळ्याच्या चार फोडी सहज निघतील आणि उरलेल्या पट्टीत म्हातारीची काठी बसेल, हा हिशेब मात्र पुरा झाला होता.

ज्यांना गोष्टींची घरे, गोष्टींतली माणसे आणि गोष्टींतली जनावरे कागदातून करण्याचे व्यसन आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. त्यांच्याकडेही असा एखादा पत्र्याचा डबा असणार, ज्याला घरातली बाकीची माणसे कचरा म्हणतात आणि जो दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी थोडक्यात वाचतो. माझ्या डब्यात चहाच्या पुड्यातली चांदी आहे, रिकाम्या काडेपेट्या आहेत, खराट्याच्या काड्या, फुटक्या बांगड्यांचे तुकडे, खणाच्या किनारी आणि साडीच्या खोक्यातला कुरकुरीत पांढरा कागद आहे. सर्वांत जपून ठेवलेली आहेत ती एसटीची जुनी तिकिटे. यंत्रातून सर्रकन बाहेर येणाऱ्या पावतीच्या आधी कंडक्टरच्या पेटीत जी पातळ, रंगीत तिकिटे असत आणि तो चिमट्याने भोके पाडून जी देत असे, ती. गोष्टीतल्या कौलारू घराच्या छपरावर ही तिकिटे एकीवर एक अर्धी सरकवून डकवली आणि आत छोटा दिवा ठेवला, की भोकाभोकांतून उजेड येतो. कुठल्याही दुकानातल्या कागदाला ही कळा नाही.

मागच्या वर्षाच्या ‘कालनिर्णय’ची पानेही मी फेकत नाही. १९७३ पासून हे कॅलेंडर मराठी घरांच्या भिंतीवर आहे आणि वर्ष संपल्यावर त्याची पाने फळीवर, डब्याच्या तळाशी किंवा पोरांच्या वह्यांवर जाऊन बसतात, हे सर्वांना ठाऊक आहे. मी ती म्हातारीच्या वाटेसाठी राखून ठेवते. ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा,’ असे वाघाला सांगून निघालेली म्हातारी परत येते ती पुष्कळ दिवसांनी. तेव्हा तिच्या भोपळ्याखाली एकादशी, संकष्टी आणि दुधाच्या हिशेबाच्या खुणा असलेली वाट असणे मला रास्त वाटते.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती कुडाळजवळच्या आजोळी, मे महिन्याच्या दुपारी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून. मामा गावच्या वाचनालयाची फाटलेली पुस्तके दुरुस्त करून देत असे आणि त्याच्यासाठी आजी खळ शिजवायची. कल्हईच्या पातेल्यात गव्हाचे पीठ पाण्यात कालवून ती मंद आचेवर ढवळत राहायची, गुठळी झाली की स्वतःशीच पुटपुटायची आणि खळ चकाकायला लागली की उतरवायची. पुढे मामा त्यात मोरचुदाची पूड घालायचा, म्हणजे कसर लागत नाही. तो निळसर डबा मग मुलांच्या हाती लागू नये म्हणून शिंक्यावर जायचा. मोरचूद पडण्यापूर्वीची उरलीसुरली खळ आमची. ती वाटीत घेऊन आम्ही घोटीव कागदाचे तुकडे डकवत बसायचो आणि आजी हात न थांबवता गोष्ट सांगायची.

तेव्हाच कधीतरी मी विचारले, की म्हातारी भोपळ्यात शिरली ती कुठून? दार होते का? होते तर टुणुक टुणुक जाताना ते उघडले कसे नाही? आणि नव्हते तर आतून तिला वाघ समोर आल्याचे कळले कसे? आजीने पातेल्यातला डाव माझ्याकडे रोखला आणि म्हणाली, ‘गजालीतल्या भोपळ्याक दार इचारू नको गो बाय.’ त्यावर मामा हसला, आणि विषय संपला.

ऐकताना तो विषय संपतोही. गोष्ट कानाला पुढे ओढत नेते, आणि कानाला दाराची गरज नसते. हातात कात्री असली की मात्र तसे चालत नाही. कागदाचा भोपळा करायचा तर एकसारख्या चंद्रकोरी कापाव्या लागतात, प्रत्येकीला मधोमध घडी घालून त्या पाठीला पाठ लावून गोलाकार डकवत जावे लागते, आणि शेवटची फोड पहिलीला भिडली की भोपळा बंद होतो. म्हातारी त्याआधी आत बसवायची की नंतर, हे ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मी शेवटची फोड एका बाजूने मोकळी सोडते, तिच्या आतल्या कडेला बांगडीचा तुकडा अडसर म्हणून लावते, आणि शेजारच्या फोडीला दाभणाने एक भोक पाडते, म्हणजे म्हातारीला वाघ दिसतो. आजीला हे आवडले नसते. पण ती फोड मोकळी सोडताना मला दर वेळी वाटते, की गोष्टीत दार नाही ते गोष्ट सांगणाऱ्यांच्या सोयीसाठी. म्हातारीची सोय कुणी पाहिलीच नव्हती.

कागदाचेही स्वतःचे म्हणणे असते. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडलेले असतात. त्या दिशेने घडी घातली तर ती सुरेख बसते आणि आडवी घातली तर जाड कागद घडीवर तडकतो. खळ लावली की हे तंतू जाड होतात, म्हणून कागद रुंदीला फुगतो, लांबीला फारसा नाही, आणि मग ज्याने दिशा पाहिली नाही त्याच्या भिंतीला वाळताना पोक येते. लग्नपत्रिकांचा कागद या बाबतीत विशेष हट्टी असतो, कारण वरचा सोनेरी किंवा मखमली थर तडकला की आतला पांढरा कागद दात दाखवतो. याउलट हातकागदात तंतू चहूकडे विखुरलेले असतात, त्यामुळे तो कुठूनही वळतो आणि फाडला तर कडेला लव सुटते. पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था सुरू झाली ती खेड्यांतल्या या जुन्या धंद्याला पुन्हा उभे करण्याच्या गांधीवादी उमेदीतून. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून होणारा तसा कागद मिळाला, की मी तो म्हातारीच्या लुगड्यासाठी बाजूला काढते. मुळात तो कापडच होता. पुन्हा कापड व्हायला त्याला जड जात नाही.

कुडाळजवळच पिंगुळी आहे, आणि तिथल्या ठाकर समाजाच्या चित्रकथी पोथ्या मी पाहिल्या त्या बऱ्याच मोठेपणी. कागदावर रंगवलेली चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली, त्यामुळे पान जाड आणि दोन्ही बाजूंनी बोलके. सांगणारा एकेक पान समोर धरून रामायण-महाभारतातला प्रसंग गाऊन सांगतो आणि मग पान उलटतो. या कलेसाठी २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत त्या चित्रांतल्या मोठ्या डोळ्यांविषयी पुष्कळ लिहून आले. मला मात्र ती पाठीला पाठ डकवलेली पाने सर्वांत आवडली. प्रत्येक प्रसंगाच्या पाठीवर दुसरा एक प्रसंग आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो, आणि दोघांच्या मध्ये फक्त खळ असते.

परीकथा लिहिणारा डेन्मार्कचा हान्स ख्रिश्चन अँडरसन गोष्ट सांगता सांगता घडी घातलेला कागद कापत असे, आणि गोष्ट संपली की कागद उलगडून राजवाडे, नर्तकी, हंस असे काहीतरी मुलांपुढे ठेवत असे. त्याची कात्री भलीमोठी होती, असे त्याला ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. शेवटच्या काळात, १८७३-७४ मध्ये, आजारी असताना त्याने छापील चित्रांचे तुकडे डकवून एक मोठा घडीचा पडदा सजवला; त्यावर त्याचे बालपण आहे, रंगभूमी आहे, पाहिलेले देश आहेत. जगभर गोष्टी पोचलेल्या माणसालाही अखेर कात्री आणि खळच हाताशी हवीशी वाटली, याचे मला फार समाधान आहे, आणि घरात कुणी डब्याविषयी बोलले की मी त्याचे नाव पुढे करते. त्याचा फारसा उपयोग होत नाही.

माझी कात्री मोठी नाही, पण तिच्याविषयी माझे काही नियम आहेत. तिने दुधाची पिशवी कापायची नाही, कापड तर मुळीच नाही, आणि पाहुण्यांनी ‘जरा कात्री देता का’ म्हटले की त्यांना दुसरी द्यायची. चमकी वापरायची नाही, कारण ती एकदा घरात आली की आमटीतही सापडते. सगळे भाग आधीच कापून ठेवलेले जे संच बाजारात मिळतात, त्यांना मी हात लावत नाही. त्यांत भोपळ्याचे दार दुसऱ्या कुणीतरी ठरवून टाकलेले असते. आणि पुस्तक कापायचे नाही. दिवाळी अंकाविषयी माझे मन थोडे डळमळते. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनच्या परंपरेविषयी मला पूर्ण आदर आहे, पण दागिन्यांच्या पानभर जाहिरातीत राजकन्येच्या महालाला पुरेल एवढे सोने असते, आणि जाहिरात कापली तर कथा कापली असे होत नाही. पाठीमागच्या पानावर कविता असेल तर मात्र मी ती आधी वाचून घेते.

सध्या टेबलावर चिऊ-काऊ आहेत. काऊचे शेणाचे घर सोपे आहे. अंड्यांच्या ट्रेचा पुठ्ठा भिजवून कुटला, त्यात चहाचा चोथा मिसळला की रंग आणि पोत दोन्ही जमतात, आणि पावसाचा सीन म्हणून त्यावर खरेच पाणी टाकले तर ते घर खरेच विरघळते. अवघड आहे ते मेणाचे. पातळ कागदावर मेणबत्ती घासून इस्त्री फिरवली, तर उजेड आत घेणारा, पाणी बाहेर ठेवणारा फार देखणा कागद तयार होतो, पण त्याला खळ धरत नाही, डिंक धरत नाही, काहीच धरत नाही. ज्या गुणामुळे चिऊचे घर पावसात टिकले, त्याच गुणामुळे ते कशाला चिकटत नाही. शेवटी भिंती सुईदोऱ्याने शिवाव्या लागल्या. कावळा मी कार्बन पेपरचा केला. तो काळा तर आहेच, शिवाय जिथे टेकवाल तिथे थोडा उमटतो, त्यामुळे चिऊच्या दारावर आपोआपच त्याच्या ठोठावण्याच्या खुणा आल्या.

मग दार कापताना लक्षात आले, की चिमणी असते वीतभरसुद्धा नाही, आणि कावळा तिच्या दुपटीहून मोठा. चिऊने आपल्या मापाने बांधलेल्या घराच्या दारातून काऊ आत जाऊच शकत नाही. ‘थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालू दे, थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे,’ असे ती आतून सांगत राहिली, आणि आपण सगळे लहानपणापासून तिला अप्पलपोटी म्हणत आलो. दार उघडले तरी पाहुणा आत मावणार नाही, हे तिला कडी काढायच्या आधीच दिसले असेल, आणि भर पावसात ते त्याच्या तोंडावर सांगणे तिला जमले नसेल. किंवा तसे काहीही नसेल. तिला खरेच बाळाला तीट लावायची असेल.

हे सगळे मी शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीला समजावून सांगत होते. तिने ऐकून घेतले, कावळा उचलला, त्याची मधोमध घडी घातली आणि त्याला दारातून आत सारले. ‘आता मावला, मावशी,’ ती म्हणाली. मेणाच्या भिंतींना आतून काळी बोटे लागली आहेत, कावळा चुरगळला आहे आणि नवा करायला घरात कार्बन पेपर उरलेला नाही. कोर्टाजवळ बसणाऱ्या टंकलेखकांकडे तो अजून मिळतो म्हणतात. उद्या त्या बाजूला गेले तर विचारीन.