तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोत सायकलवाले कुठे आहेत?

प्रश्न ठरलेला असतो. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, बागेत पेट्या भरताना. "एवढ्या लांब शर्यत बघायला जातोस, मग फोटोत सायकलवाले कुठे?" आणि त्याच दमात दुसरा: "टीव्हीवर दिसत नाही का?"

दुसरा आधी उरकतो. टीव्हीवरच जास्त दिसतं. 22 मार्च 2025 ला मी इटलीत पोज्जोच्या चढावर उभा होतो. मिलान-सान रेमो ही एका दिवसाची शर्यत, त्या वर्षी 289 किलोमीटरची. पोज्जो हा तिचा शेवटचा चढ, जेमतेम पावणेचार किलोमीटरचा. सकाळीच जाऊन जागा धरली. उन्हं कलल्यावर तिघं आले. पुढे पोगाचार आणि व्हान डर पुल, जरा मागे गान्ना. मनात वीस मोजायच्या आत तिघेही वळणाआड. व्हान डर पुल जिंकला, हे शेजारच्या आजोबांच्या रेडिओवरून कळलं, तेही नावापुरतंच. बाकीचं सगळं इटालियन. एवढ्यासाठी मी ऐन मार्चात, आंबा काढणीला आलेला असताना, बाग चुलतभावावर टाकून गेलो. तो वर्षभर ऐकवतो. त्याला हक्कच आहे.

पण त्या सबंध दिवसात मी रिकामा बसलो नव्हतो. चढाच्या दोन्ही अंगांना फुलांची काचघरं, काही मोडकी, आत गवत माजलेलं. खाली समुद्रापर्यंत उतरत गेलेली पायऱ्यांची शेतं आणि त्यांना चुना-मातीशिवाय रचलेले दगडी बांध. आमचा गडगाच तो, फक्त जांभ्याऐवजी करड्या दगडाचा. एके ठिकाणी तो ढासळला होता आणि तिथे कुणीतरी घराचं जुनं दार आडवं लावलं होतं, कडीसकट. गुरं शिरू नयेत म्हणून आमच्याकडे लावतात तसंच. मी त्या दाराचे अकरा फोटो काढले.

"म्हणजे तू शर्यत नाही, गडगे बघायला जातोस." या वाक्याला मी बरीच वर्षं हो म्हणत आलो. शर्यत हे निमित्त, रस्ता खरा, असं एक भारदस्त उत्तरही तयार ठेवलं होतं. दिवाळी अंकात शोभलं असतं. पण ते मी नंतर बनवलेलं आहे.

मला माणसांचेच फोटो हवे होते. कॉलेजात असताना मुंबई-पुणे शर्यतीला बोरघाटात जाऊन थांबायचो, 'घाटांचा राजा' कोण होतो ते बघायला. जिंकणाऱ्याचं एवढं नव्हतं. आवळलेले दात, ओठांच्या कडेला सुकलेला फेस, तो चेहरा हवा असायचा, आणि तोही जवळून.

मग ती रत्नागिरीजवळच्या आरे-वारेची शर्यत. हौशी मुलांची, आपल्या इथलीच, डिसेंबरातली. आरे आणि वारे यांच्यामधला डोंगर उतरताना खाली सुरूचं बन आणि समुद्र एकदम समोर येतो, तिथे मी वळणाच्या आतल्या अंगाला उकिडवा बसलो होतो. कॅमेऱ्याला चोवीसची लेन्स. एवढ्या वाइड लेन्समधून येणारा माणूस आहे त्यापेक्षा लांब दिसतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी अजून जरा, अजून जरा करत मी डांबरावर सरकलो. किती? लोकांना मी 'एक पाऊल' सांगत आलोय. फोटोत कडेची पांढरी पट्टी कोपऱ्यात दिसते, म्हणजे मी तिच्या बराच आत होतो. दोन पावलं असतील. तीनही.

मुलगा सतरा-अठराचा. मला बघून त्याने हँडल बाहेर घेतलं, पुढचं चाक पलीकडच्या बारीक खडीत गेलं आणि तो खांद्यावर पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं. आवाज फारसा झाला नाही. मागचं चाक मात्र बराच वेळ टकटक करत फिरत राहिलं.

मला कुणी काही बोललं नाही. खडी होतीच, उतार होताच, मुलगा जोरात होताच. हे सगळं खरं आहे आणि मी ते आजही म्हणतो. 1999 साली टूर द फ्रान्समध्ये आल्प द्युएझच्या चढावर, शेवटच्या किलोमीटरात, ज्युसेप्पे गुएरिनीला एका फोटो काढणाऱ्यानेच पाडलं होतं. तो उठला, परत सायकलवर बसला आणि टप्पा जिंकला. हा किस्सा मी पूर्वी मित्रांत हसत हसत सांगायचो. आमचा मुलगा उठून बसला तेवढंच, डावा हात उजव्या हातात धरून.

त्याचे वडील स्कूटरवरून मागून येत होते, हुकला केळ्यांची पिशवी. त्यांनी सायकल माझ्याकडे दिली, "धरा जरा" म्हणाले. अँब्युलन्स येईपर्यंत मी ती धरून उभा. निघताना त्यांनी विचारलं, "तुम्ही फोटो काढीत होतात ना? ह्याचा एखादा बरा आला असला तर पाठवा हां. सायकलवरचा एकही नाही घरी." आणि नंबर दिला.

आलाय. फार बरा आलाय. मागे समुद्र, टायरवर जांभ्याची लाल धूळ, सगळं स्वच्छ. मुलगा रस्त्याकडे बघत नाहीये, माझ्याकडे बघतोय.

मी तो पाठवला नाही. पाठवायला हवा होता असं वाटतं, आणि नाही पाठवला ते बरं केलं असंही वाटतं, कधी कधी एकाच दिवशी. बायको म्हणते, एक फोन कर, तो आता नोकरीला लागला असेल, सायकलही चालवत असेल. असेलही.

तर आता सायकलवाले येतात तेव्हा माझा कॅमेरा पिशवीत असतो आणि मी कठड्यामागे. मग जातोस कशाला, म्हणाल. जथा खालच्या वळणावर असतानाच टायरांचा आवाज वर येतो, रानावरून पाऊस येताना आधी ऐकू येतो तसा. मला तो ऐकायचा असतो. हे उत्तर चुलतभावाला पटलेलं नाही, बायकोलाही नाही.

नंबर 'आरे-वारे स्कूटर' या नावाने आहे. मधे दोनदा फोन बदलला, दोन्ही वेळा तो आपोआप नव्या फोनमध्ये आला.