नजर

पेणजवळच्या हमरापूर गावातल्या एका कारखान्यात मी गणपतीची आखणी करते. आखणी म्हणजे डोळे. मातीकाम, घासकाम, रंग सगळं झालं की मूर्ती माझ्यापुढे येते.

२०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. ऑगस्टच्या अखेरीस एक व्यापारी चाळीस शाडूच्या मूर्ती बघायला आले आणि मोबाइल पुढे धरून म्हणाले, "ताई, डोळे असे पाहिजेत. मोठ्ठे, टपोरे. पोरांना हेच आवडतं."

माझा गणपती खाली बघतो. बाबांनी तसंच शिकवलं. मूर्ती चौरंगावर बसणार आणि माणूस जमिनीवर, तेव्हा नजर त्याच्यावर पडली पाहिजे. म्हणून वरची पापणी बुबुळावर जराशी उतरवायची आणि बुबुळाची खालची कड खालच्या रेषेला टेकवायची. पापणीची रेष काळी नाही, तपकिरी. काळ्याने डोळे वटारल्यासारखे दिसतात. शेवटी पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. तो केसभर जरी सरकला तरी मूर्ती तिरळी दिसते. रेष ओढताना श्वास रोखलेला असतो, त्या वेळी कारखान्यात मला कोणी हाक मारत नाही.

काका म्हणाले, "गिऱ्हाईक सांगतंय तसं कर गं." त्यांचंही बरोबर होतं. पावसाने रंग वाळत नव्हते, पोरांची मजुरी द्यायची होती.

मी बसले. तीन मूर्ती केल्या. गोल बुबुळ, चारी बाजूंनी पांढरं. हात कुठे चुकला नाही, रेष एकदम स्वच्छ. तिसरी चौरंगावर ठेवली आणि समोर जमिनीवर बसले. ती माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होती.

रंग ओला होता तोवर फडक्याने तिघींचे डोळे पुसले. शेठना म्हटलं, "हे माझ्याच्याने व्हायचं नाही. दुसऱ्या कोणाकडून करून घ्या."

ते चिडले. सदतीस मूर्ती टेम्पोत घालून जोह्याला दुसऱ्याकडे नेल्या. पुसलेल्या तिन्हींना डाग पडले होते, त्या ठेवून गेले. काकांनी त्यांचे पैसे माझ्या मजुरीतून कापले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तिन्हींना पुन्हा अंगाचा रंग दिला, वाळू दिला आणि रात्री माझ्या पद्धतीने आखणी केली. दोन गावातच गेल्या. तिसरी आमच्या घरी बसली. आरती झाल्यावर आई गुडघे धरून चौरंगापुढे टेकली आणि जेवणाची पानं मांडली तरी उठली नाही.