आउटहाऊसखालची बोअर

काकूंनी दहिवडीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मुलगा सॅन होजेला त्यांच्यासाठी आउटहाऊस बांधतोय. आपल्याकडे बंगल्याच्या मागे असतं ते आउटहाऊस. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ परसातला संडास. शेजारच्या गोऱ्या आजोबांना त्यांनी हौसेने ही बातमी दिली, तेव्हा ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत म्हणे. कागदोपत्री याला अ‍ॅक्सेसरी ड्वेलिंग युनिट म्हणतात, आमच्या तोंडी एडीयू. मूळ घराच्याच प्लॉटवर, वेगळं स्वयंपाकघर आणि बाथरूम असलेलं दुसरं छोटं घर. 2017 पासून कॅलिफोर्नियाने याचे नियम सैल करत आणले आणि माझ्यासारख्या ड्रॉइंग करणाऱ्यांच्या पोटापाण्याची सोय झाली.

काकूंचं घर 748 चौरस फुटांचं. आकडा असा का, तर 750 च्या आत राहिलं की इम्पॅक्ट फी, म्हणजे नव्या बांधकामाचा सार्वजनिक सोयींवर भार पडतो म्हणून घेतात ती, माफ. बाजूला 4 फूट सोडलेले, मागे वीज-टेलिफोनच्या तारांसाठी राखलेली पट्टी मोकळी ठेवलेली, एक जुनं जर्दाळूचं झाड वाचवलेलं. इंचाइंचाने बसवलेला प्लॅन होता. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

सोमवारी पायाचे चर खणायला घेतले. बुधवारी इन्स्पेक्शन, गुरुवारी काँक्रीट. 811 ला, म्हणजे खणण्याआधी जमिनीखालच्या पाइपांच्या-तारांच्या खुणा मारून घेण्यासाठीच्या फोन नंबरवर, आधीच कळवलं होतं. त्यांच्याकडून पाण्याच्या निळ्या, गॅसच्या पिवळ्या खुणा मारून झाल्या होत्या, पण त्या सगळ्या मीटरपर्यंत, म्हणजे पुढच्या अंगाला. मागच्या अंगणात एकही रेघ नव्हती. सर्व्हेत काही नाही, मालकीच्या कागदांत काही नाही.

नऊच्या सुमाराला मशीनवाला ओरडला, ‘पोसो! पोसो!’ आणि त्याने मशीन सरळ दहा फूट मागे घेतलं. मला स्पॅनिश येतं ते ‘जपून’ आणि ‘उद्या’ एवढंच. जाऊन बघते तर दोन फुटांवर कुजलेल्या फळ्यांचा भुगा, आणि त्यात गंजलेल्या लोखंडी पाइपाचं तोंड. चांगलं फूटभर रुंद. डोक्यात पहिलं आलं ते जुनी सेप्टिक टाकी. मग वाटलं, तेलाची असेल. तेलाची निघाली तर माती तपासा, माती उचला, काम चार महिने बंद. मी ऑफिसला फोन लावत होते तेवढ्यात काकू चहाचा थर्मास घेऊन आल्या.

त्यांनी वाकून पाहिलं.

‘अगं, हे केसिंग आहे. बोअर आहे ही.’

‘काकू, मागे व्हा आधी. कडा ढासळेल.’

‘आमच्या रानात चार आहेत. मला नको सांगू.’ मागे झाल्या खऱ्या, पण आधी हातातला खडा आत सोडला. सगळे गप्प. बऱ्याच वेळाने खालून डुबुक असा बारीक आवाज आला. ‘पाणी आहे,’ काकू म्हणाल्या. मशीनवाल्याने त्यांच्याकडे बघून मान डोलावली. पोसो म्हणजे विहीर, हे मला फोनवर शोधून कळलं. एकमेकांची भाषा न येणाऱ्या त्या दोघांना ते आधीच कळलेलं होतं.

प्लायवूड, त्यावर वजन, भोवती कोन लावून आम्ही तोंड झाकलं आणि मी इन्स्पेक्शन, काँक्रीट, पंप सगळं रद्द केलं. सांता क्लारा खोऱ्यात, म्हणजे सॅन होजेच्याच परिसरात, पूर्वी प्रून (सुकवायचं आलुबुखार) आणि जर्दाळूच्या बागाच बागा होत्या. त्या बोअरच्या पाण्यावर पोसल्या. पुढे बागा गेल्या, वसाहती आल्या, आणि कित्येक बोअर तशाच मातीखाली गेल्या. परसातलं ते जर्दाळूचं झाड मी प्लॅनवर स्वतःच्या हाताने दाखवलं होतं. हे झाड इथे कसं, एवढा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता.

‘मग एक मोटर टाका,’ काकूंचं म्हणणं साधं होतं.

तसं करता येत नाही. अशी बेवारस बोअर जिल्ह्याच्या पाणीखात्याचं, म्हणजे व्हॅली वॉटरचं परमिट काढून, परवानाधारक बोअरवाल्याकडून सिमेंटने भरून घ्यावी लागते, आणि तीही सहसा मालकाच्या खर्चाने. कारण केसिंग गंजलं की वरची घाण थेट खालच्या थरात उतरते, आणि तेच पाणी शहर पितं. मी त्यांना हेही सांगितलं की उपशापायी सॅन होजेची मध्यवस्ती 1915 ते 1969 या काळात सुमारे 13 फूट खचली. 13 फुटांवर त्या जरा थांबल्या.

‘खचली? आख्खं गाव?’

‘हो.’

‘आमच्या चारातल्या तीन फेल गेल्या,’ त्या म्हणाल्या. ‘एकेकीला कर्ज काढलं. आणि इथं लागलेलं पाणी बुजवायला पैसे भरायचे.’

मुलगा ऑफिसातून धावत आला. त्याला खर्चाची आणि उशिराची काळजी, आणि ती रास्त होती. मी घर सहा फूट पुढे सरकवलं, पाया फिरवून घेतला, बोअर ओट्याखाली येईल असं केलं. शहराकडे सुधारित ड्रॉइंग गेलं. हा भाग कंटाळवाणा आहे, सोडून देते.

बोअरवाला पुढच्या आठवड्यात आला. सिमेंट सोडण्याआधी काकूंनी त्याला हाताने थांबवलं. ‘साती आसरांची जागा असते,’ मला म्हणाल्या, आणि हिरवा खण, बांगड्या, नारळ, हळदकुंकू काठाशी मांडलं. आत काही टाकायचं नाही, हे मी चार वेळा बजावलं होतं. बोअरवाल्याने घड्याळ बघितलं, मग इंजिन बंद केलं.

पाच फूट खोल खड्डा घेऊन केसिंग तिथे कापलं आणि सिमेंट वर येऊन त्याची टोपी बसेपर्यंत दुपार झाली. मी टेप लावून दोन्ही कुंपणांपासूनची मापं घेतली. अंतिम ड्रॉइंगवर ओट्याखाली एक छोटं वर्तुळ काढलं आणि आत फुली मारली.

काकू मागे उभ्या राहून बघत होत्या. ‘नीट लिही,’ म्हणाल्या. ‘पुढच्यांना कळू दे.’