छोट्या डोझरची नोंदवही: दोन पट्टे, दोन दांडे

काल संध्याकाळी डोझर उजवीकडे वळला. दांडा ओढला, उजवा ट्रॅक जागेवर थांबला, डावा चालत राहिला आणि सगळं यंत्र स्वतःभोवती फिरलं. ज्यांचा डोझर पहिल्यापासून नीट चालतो त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. पण तीन महिने मी याच एका वळणाच्या मागे होतो, म्हणून आजची नोंद लांबणार आहे.

आधी यंत्राची ओळख. 8 हॉर्सपॉवरचं एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, त्याला पुढे-मागे जाण्यापुरता छोटा गिअरबॉक्स, गिअरबॉक्समधून निघणारा आडवा शाफ्ट आणि त्याच्या दोन्ही टोकांना 100 मिलिमीटरची एकेक पुली. तिथून प्रत्येक बाजूला एक व्ही-बेल्ट, म्हणजे पाचरीच्या आकाराचा रबरी पट्टा, 250 मिलिमीटरच्या पुलीकडे जातो. यापुढे पट्टा म्हणजे हाच, ट्रॅक नव्हे. पुढचं काम चेनचं. दोन टप्प्यांत वेग उतरत उतरत ट्रॅकच्या स्प्रॉकेटपाशी, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकापाशी, पोचतो. इंजिनाचे मिनिटाला 3000 फेरे स्प्रॉकेटवर साधारण 60 होतात. चालवणाऱ्यासकट वजन 370 किलोच्या आसपास. पायाखाली क्लच नाही, हातात स्टिअरिंग नाही. आहेत ते दोन दांडे. दांडा ओढला की त्या बाजूचा पट्टा सैल होतो, आणखी ओढला की त्याच बाजूचा ब्रेक लागतो. म्हणजे पट्टा हाच क्लच आणि पट्टा हेच स्टिअरिंग.

पट्टा इंजिनाच्या बाजूला आणि चेन ट्रॅकच्या बाजूला का, असं मला बरेच जण विचारतात. 8 हॉर्सपॉवर म्हणजे जवळपास 6 किलोवॅट. 3000 फेऱ्यांना त्याचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, फक्त 19 न्यूटन-मीटर होतो. तीच ताकद 60 फेऱ्यांवर आणली की पीळ 950 न्यूटन-मीटरच्या घरात जातो. पहिला पीळ 13 मिलिमीटर रुंदीचा पट्टा पेलतो, दुसरा पेलणं त्याला शक्यच नाही. म्हणून पट्टा वेगाच्या बाजूला ठेवतात आणि जोराची बाजू चेनला देतात.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही. टाकीतलं पेट्रोल जुनं होऊन वास मारत होतं, कार्ब्युरेटरचा जेट बुजला होता, प्लगची फट वाढली होती. जेट साफ केला, फट 0.75 मिलिमीटरवर आणली, इंधनाची नळी आणि फिल्टर बदलला. चौथ्या ओढीला इंजिन सुरू झालं. इंजिनाला बिचाऱ्याला दोष देण्यासारखं काही नव्हतंच.

खरी गोष्ट पट्ट्यांची. यंत्र हातात आलं तेव्हा तक्रार अशी होती की उजवी बाजू घसरते. सरळ जाताना चालायचं, पण डावीकडे वळायला लागलं की उजवा पट्टा किंचाळायचा. हे समजण्यासारखं आहे. सरळ जाताना दोन पट्टे भार वाटून घेतात. वळताना एक बाजू सुटते आणि इंजिनाचा जवळजवळ सगळा भार उरलेल्या एका पट्ट्यावर येतो, वर थांबलेला ट्रॅक जमिनीवर घासत ओढायचा असतो तो वेगळाच. अशक्त पट्टा वळणावरच उघडा पडतो.

मी सगळ्यांसारखंच आधी ताण वाढवला. ठरवून दिलेला ताण काढायची सोपी रीत अशी: दोन पुलींमधल्या मोकळ्या अंतराच्या दर मीटरला सुमारे 16 मिलिमीटर दबेल इतपत पट्टा असावा. माझं मोकळं अंतर 400 मिलिमीटर, म्हणजे 6 ते 7 मिलिमीटर. मी तो 3 वर आणला. किंचाळणं दोन दिवस थांबलं, मग पुन्हा सुरू. पट्टा काढून उलटा केला तेव्हा कारण दिसलं. पट्ट्याची खालची बाजू आरशासारखी चकाकत होती.

ही चकाकी नीट ओळखायला शिका, एवढी एकच विनंती. व्ही-बेल्ट पकडतो तो कडांनी. खाचेत तो पाचरीसारखा रुततो आणि छोट्या पुलीच्या 34 अंशाच्या खाचेत कडांवरचा दाब सपाट पट्ट्याच्या तुलनेत तिपटीहून जास्त होतो. पट्ट्याची किंवा खाचेची झीज झाली की पट्टा खाली खाली बसतो आणि शेवटी त्याचं बूड खाचेच्या तळाला टेकतं. टेकलं की पाचर संपली. मग ताण कितीही वाढवा, तो सपाट पट्ट्यासारखाच वागणार, वर बेअरिंगवर फुकटचा भार. नवा पट्टा पुलीच्या काठाशी जवळपास समपातळीत बसायला हवा. माझा 3 मिलिमीटर आत गेला होता.

नवा पट्टा आणून तोच झिजलेल्या पुलीवर चढवायचा मोह होतो. तो टाळा. खाचेच्या भिंतीला स्टीलची सरळ पट्टी टेकवून टॉर्च मागून धरली. भिंत मधोमध खोलगट झालेली दिसली, उजेड जवळजवळ एक मिलिमीटरच्या फटीतून येत होता. पाऊण मिलिमीटरच्या पुढे गेलं की पुली बदलायची, हा ठोकताळा मी पाळतो. अशा भिंतीवर नवा पट्टाही कडांच्या फक्त दोन रेघांवर टेकतो आणि काही तासांत जुन्यासारखा होतो. दोन्ही छोट्या पुली बदलल्या, मोठ्या दोन्ही ठीक होत्या. पट्टेही दोन्ही बाजूंचे एकदम बदलले, म्हणजे दोन्ही दांड्यांचा हात सारखा राहील. पट्टा घेताना कापडी वेष्टणाचा घेतला, उघड्या रबरी कडांचा नाही. जो पट्टा रोज शेकडो वेळा सैल-घट्ट होतो त्याला थोडंसं सरकत सरकत पकडता यायला हवं, आणि ते कोरडं कापडी वेष्टण देतं. पट्ट्यावर चिकट फवारा मारून घसरणं थांबवायचा उपाय मात्र मला अजिबात पटत नाही. जो पट्टा सोडणंही त्याचं काम आहे त्याला चिकट करून कसं चालेल?

इथे आठवडाभर मी खूश होतो. पुढे जाताना आवाज नाही, घसरणं नाही. मग मागचा गिअर टाकला आणि दोन्ही पट्टे घसरले.

या एका प्रश्नाने मला जितकं शिकवलं तितकं बाकी सगळ्या दुरुस्तीने शिकवलं नाही. चालत्या पट्ट्याची एक बाजू ताणलेली असते आणि दुसरी सैल. ताण देणारी आयडलर पुली नेहमी सैल बाजूला बसवतात, कारण तिथे थोड्या जोरात काम होतं. माझ्या डोझरमध्ये उलटा गिअर पट्ट्यांच्या आधी आहे. म्हणजे मागे जाताना पट्टेच उलटे फिरतात आणि कालची सैल बाजू आज ताणाची होते. आता ताणलेला पट्टा आयडलरला बाहेर ढकलतो, आयडलरमागची स्प्रिंग दबते आणि पट्टा घसरतो. पट्टा नवा आहे की जुना याचा इथे काही संबंधच नाही.

आधीच्या कुणीतरी यावर मोटरसायकलच्या शॉकअॅब्सॉर्बरची वाटावी इतकी कडक स्प्रिंग बसवून उपाय केला होता. तिथूनच बाकी सगळी दुखणी निघाली होती. कडक स्प्रिंगमुळे पट्टा कायम वाजवीपेक्षा जास्त ताणलेला, त्यामुळे खाचा झिजल्या, आडव्या शाफ्टचं उजवं बेअरिंग खडखडू लागलं आणि दांडा ओढायला दोन्ही हात लागायचे.

दांड्याला आयडलरशी जोडणारी सळई निरखून पाहिली तेव्हा तिच्यावर जुन्या कॉलरची, म्हणजे सळईवर बसणाऱ्या कड्याची, खूण सापडली. मूळ रचना काय होती ते लख्ख कळलं. स्प्रिंग मऊ, आणि तिच्यामागे सळईवर घट्ट बसवलेली एक कॉलर. पुढे जाताना स्प्रिंग आयडलरला हलकं दाबून धरते. मागे जाताना पट्टा आयडलरला ढकलतो, पण 3 मिलिमीटर मागे सरकताच आयडलरचा हात कॉलरवर टेकतो आणि तिथेच अडतो. दांडा पूर्ण पुढे असताना त्याचा सांधा मध्यरेषेच्या पलीकडे जाऊन कुलुपासारखा बसतो, म्हणून हा सगळा धक्का चालवणाऱ्याच्या हातापर्यंत येत नाही. दांडा ओढला की सळई, स्प्रिंग आणि कॉलर तिघं मिळून मागे येतात. ज्याने हे पहिल्यांदा योजलं त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटला. दोन कॉलर लेथवर करून घेतल्या, मऊ स्प्रिंग लावली, बेअरिंग बदललं. मागचा गिअर टाकला. डोझर निमूट मागे आला.

आता घसरणं संपलं होतं, पण उजवा दांडा ओढूनही उजवा ट्रॅक हळूहळू सरकतच होता. यंत्र वळायच्या ऐवजी मोठा वळसा घ्यायचं. पट्टा सैल झाला तरी फिरत्या छोट्या पुलीला तो चाटत होता, आणि चाटता चाटता ओढत होता. यावर उपाय म्हणजे पट्ट्याभोवतीच्या आवर-सळया. डाव्या बाजूला त्या होत्या, उजव्या बाजूला फक्त त्यांची भोकं शिल्लक होती.

या सळयांचं काम पट्टा उडून जाऊ नये इतकंच आहे असं मी समजत होतो. तेवढंच नाही. मोठ्या पुलीच्या बाहेरून आणि दोन पुलींमधल्या मोकळ्या पट्ट्यालगत त्या पट्ट्यापासून 3 मिलिमीटरवर ठेवल्या की पट्टा सैल पडल्यावर त्याला तिथे फुगायला जागा उरत नाही. सगळा सैलपणा छोट्या पुलीकडे जातो आणि पट्टा तिथे खाचेतून वर उचलला जातो. छोट्या पुलीपाशी एकच सळई, जरा जास्त अंतरावर, म्हणजे पट्टा उचलला जाईल पण निसटणार नाही. 8 मिलिमीटरच्या गोल सळया वाकवून बसवल्या. जुळवायला दीड दिवस गेला. पट्टा घट्ट असताना एकही सळई घासता कामा नये आणि सैल असताना छोट्या पुलीखालून कागद सरकला पाहिजे. प्रत्येक वेळी हात घालण्याआधी प्लगची वायर काढून बाजूला बांधत होतो. पट्ट्याचं यंत्र बंद दिसतं तेव्हाही इंजिनाचा एक अर्धा फेरा बोट घेऊन जाऊ शकतो. जाळीचं कव्हर परत लावल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, हेही त्यातच आलं.

पट्ट्यांच्या नादात ट्रॅककडे दुर्लक्ष झालं होतं. जोराच्या बाजूची चेन 60 नंबरची, म्हणजे 12 कड्यांची लांबी नवी असताना 228.6 मिलिमीटर. डावीकडे ती 231 भरली, उजवीकडे 237. तीन टक्के वाढली की चेन टाकून द्यायची, म्हणजे मर्यादा 235.5 ची. उजवी चेन आणि तिचं छोटं स्प्रॉकेट बदललं. ट्रॅकचा ताण मी आता मुद्दाम थोडा ढिला ठेवतो. फार ताणलेला ट्रॅक इंजिनाची ताकद खातो आणि पुढच्या चाकाचं बेअरिंगही. मातीत चालणाऱ्या उघड्या चेनला ग्रीस फासू नका. माती धरून ते पॉलिश पेपरचं काम करतं.

आता मजेची गोष्ट. काल उकरून ठेवलेला मातीचा ढीग पसरवला. पहिल्या दोन फेऱ्यांत ब्लेड खोल घातलं, ट्रॅक जागच्या जागी फिरले. मग पातळ कापायला लागलो, बोटाच्या जाडीएवढं, आणि माती ब्लेडपुढे गुंडाळत जाऊ लागली. एकाच चाकोरीतून तीन-चार वेळा गेलं की दोन्ही बाजूंना मातीचे बांध उभे राहतात. मग माती कडेने सांडत नाही, प्रत्येक फेरीला जास्त माती पुढे जाते. मोठ्या डोझरचे चालकही हेच करतात. ट्रॅक आखूड असल्याने यंत्र लहानशा उंचवट्यावरही डुलतं आणि ते डुलणं ब्लेडमधून जमिनीवर लाटा होऊन उतरतं. त्या लाटा काढायच्या तर ब्लेड नुसतं टेकवून मागे यायचं. आणि मागे येताना आता पट्टे घसरत नाहीत!

1904 साली कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन इथे बेंजामिन होल्टने वाफेच्या ट्रॅक्टरला चाकांच्या जागी लाकडी फळ्यांचे ट्रॅक लावून पाहिले होते, ते मऊ जमिनीत रुतू नये म्हणूनच. माझ्या डोझरचे दोन ट्रॅक जमिनीला टेकतात ते सुमारे 2700 चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जेमतेम 140 ग्रॅम. एका पायावर उभा राहिलेला माणूस त्याच्या दुपटीहून जास्त दाब देतो. ओल्या मातीत माझे बूट रुतत होते तिथे डोझर फक्त ट्रॅकची नक्षी उमटवून गेला. मी खाली उतरून ती नक्षी बराच वेळ बघत होतो.

तासाभराच्या कामानंतर इंजिन बंद करून, वायर काढून पुलींना हात लावला. उजवी कोमट, डावी त्याहून बरीच गरम. म्हणजे डावीकडे थोडं तरी घसरणं आहे. नवा पट्टा पहिल्या काही तासांत बसतो आणि सैलावतो, बहुधा तेच असावं. उद्या डाव्या पट्ट्याचा ताण पुन्हा मोजणार आहे. 7 मिलिमीटरपेक्षा जास्त दबला तर सळईचा नट अर्धा फेरा फिरवायचा, आणि तिथली कॉलरची फटही फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, परत बघायची.